जखम लिहिली जाते, घटना राहून जाते

सांगोला तालुक्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने विचारले आहे की, रस्ते अपघात, सर्पदंश, बुडणे, भाजणे, विषबाधा, उंचावरून पडणे यांनी होणाऱ्या मृत्यूंचे पोलिसांचे, रुग्णालयाचे आणि ग्रामपंचायतीचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत, आणि ज्या देशांकडे पैसा व मनुष्यबळ दोन्ही अपुरे आहे त्यांनी हे मृत्यू मोजावेत तरी कसे. सोलापुरात सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवताना आणि मृत्यूच्या कारणांच्या नोंदी तपासताना जे समजले, त्या आधारे सविस्तर उत्तर देतो.

उत्तराचा गाभा आधीच सांगतो. आपल्याकडे इजेने मरण पावलेली व्यक्ती बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या नोंदवहीत सापडते. हरवते ते त्या व्यक्तीला इजा कशी झाली हे सांगणारे एक वाक्य. ते वाक्य ज्याला ठाऊक असते त्याला कोणी विचारत नाही, आणि ज्याच्या हातात फॉर्म असतो त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून सुधारणेचा सगळा प्रयत्न त्या एका वाक्याभोवती उभा राहिला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार इजा आणि हिंसा यांमुळे जगात दरवर्षी सुमारे ४४ लाख माणसे मरतात, म्हणजे एकूण मृत्यूंच्या जवळपास ८ टक्के. २०२१ मध्ये रस्त्यांवर सुमारे ११.९ लाख माणसे गेली आणि त्यांपैकी ९२ टक्के मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. त्याच वर्षी बुडून सुमारे ३ लाख मृत्यू झाले. पडल्यामुळे दरवर्षी ६ लाख ८४ हजार होतात. हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरू नये. श्रीमंत देशांचे आकडे बहुतांशी प्रत्यक्ष मृत्युनोंदणीतून येतात, तर गरीब देशांचे मोठ्या प्रमाणावर गणिती प्रारूपांतून काढलेले असतात, कारण तिथे नोंदणीच अपुरी असते. भारताचे उदाहरण घ्या. २०१६ मध्ये पोलीस नोंदींवरून रस्ते अपघातांतील मृत्यू १,५०,७८५ दाखवले गेले, तर जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षासाठी भारताचा अंदाज सुमारे २ लाख ९९ हजार असा दिला. एक आकडा पोलीस ठाण्यात पोहोचलेल्या मृत्यूंचा आहे आणि दुसरा झालेल्या मृत्यूंचा अंदाज आहे. या दोहोंमधल्या अंतरातच आपले सगळे काम आहे.

हे अंतर कसे तयार होते ते समजण्यासाठी आपल्या जिल्ह्यातला एक मृत्यू कागदोपत्री कसा प्रवास करतो ते पाहू. गाळप हंगामातली रात्र आहे, मोहोळ तालुक्यातील रस्त्यावर मागे लाल परावर्तक नसलेली उसाची ट्रॉली उभी आहे, आणि मोटारसायकलवरचा तरुण तिच्यावर मागून आदळतो. १०८ ची गाडी त्याला जवळच्या रुग्णालयात आणते, तिथून त्याला सोलापूरच्या सिव्हिलला पाठवतात, आणि नवव्या दिवशी तो दगावतो. हे उदाहरण मी रचलेले आहे, पण या जिल्ह्यात काम केलेल्या कोणालाही ते परके वाटणार नाही.

आता नोंदी पाहा. सिव्हिलच्या अपघात विभागात एम.एल.सी., म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची नोंद, झाली, तिथल्या पोलीस चौकीने संबंधित ठाण्याला कळवले, आणि ठाण्यात पहिल्या दिवशी जखमी म्हणून गुन्हा नोंदला गेला. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो रस्ते अपघातातील मृत्यू मोजावा, हा आंतरराष्ट्रीय संकेत आपणही पाळतो. पण त्यासाठी नवव्या दिवसाची खबर मूळ ठाण्यात पोहोचून कागद दुरुस्त व्हावा लागतो. तो झाला नाही तर हा तरुण सांख्यिकीत कायम गंभीर जखमीच राहतो. रुग्णालयात निवासी डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ भरतात. पहिल्या ओळीत हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे, दुसऱ्या ओळीत डोक्याला गंभीर इजा, आणि पुढे काही नाही. मृत्यू जिथे घडतो तिथे तो नोंदवायचा असतो, म्हणून नोंद सोलापूर महानगरपालिकेत होते. मोहोळच्या नोंदवहीत या मृत्यूचा मागमूस नसतो, आणि ज्या रस्त्यावर ट्रॉली उभी होती तिथले आरोग्य अधिकारी आपल्या तालुक्यात यंदा अपघाती मृत्यू कमी झाले असे प्रामाणिकपणे लिहितात. सोलापूरच्या मोठ्या रुग्णालयांत धाराशिव, लातूर, कलबुर्गी आणि विजयपूर भागांतूनही रुग्ण येतात, त्यामुळे मृत्यूचे ठिकाण आणि घटनेचे ठिकाण यांतला हा फरक आपल्याकडे विशेष मोठा असतो.

नमुना ४ वर थोडे थांबतो, कारण तिथे सर्वात जास्त नुकसान होते आणि तिथेच सर्वात कमी खर्चात सुधारणा होऊ शकते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत इजांची दोन प्रकरणे आहेत. एकोणिसाव्या प्रकरणात, म्हणजे एस आणि टी या अक्षरांच्या संकेतांकांत, शरीराला काय झाले ते येते: कवटीचे हाड मोडणे, मेंदूला मार, भाजणे. विसाव्या प्रकरणात, म्हणजे व्ही पासून वाय पर्यंतच्या संकेतांकांत, ते कसे झाले ते येते: पादचाऱ्याला वाहनाची धडक, पाण्यात बुडणे, विषारी सापाचा दंश, कीटकनाशकाने केलेली आत्महत्या. मृत्यूचे मूलभूत कारण ठरवताना नियम असा आहे की, इजेने झालेल्या मृत्यूत प्राणघातक इजा ज्या परिस्थितीत झाली ती परिस्थिती हेच मूलभूत कारण. डोक्याला इजा हे मूलभूत कारण होऊच शकत नाही. म्हणजे डॉक्टरांनी फक्त जखम लिहिली, तर संकेतांक देणाऱ्यापुढे एक्स ५९ किंवा वाय ३४ यांसारख्या, काहीतरी बाह्य कारणाने मेला एवढेच सांगणाऱ्या, कोणत्याही उपायाला निरुपयोगी असलेल्या कप्प्यांशिवाय पर्याय उरत नाही. या सगळ्याची सोय नमुना ४ मध्ये आहे. मृत्यूचा प्रकार नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून की तपास प्रलंबित, हे विचारलेले आहे आणि इजा कशी झाली यासाठी जागाही ठेवलेली आहे. ती जागा बहुधा कोरी राहते. संपूर्ण मृत्युनोंदणीत मला तिच्याइतकी महत्त्वाची जागा दुसरी दिसत नाही.

ती कोरी का राहते? फॉर्म भरणारा डॉक्टर बहुतेक वेळा रुग्णाला पहिल्यांदा पाहणारा नसतो. अपघात विभागातील केसपेपरवर एका ओळीत आर.टी.ए., म्हणजे रस्ते अपघात, एवढेच लिहिलेले असते आणि रुग्ण चालत होता, मागे बसला होता की टेम्पोच्या टपावर होता हे त्यात नसते. दुसरे कारण भीतीचे आहे. आपण काही लिहिले तर न्यायालयात साक्षीला जावे लागेल, पोलिसांच्या तपासाविरुद्ध काही लिहिले गेले तर अडचण होईल, असे तरुण डॉक्टरांना वाटते. त्यांना स्पष्ट सांगावे की, नमुना ४ हा सांख्यिकी कागद आहे, गुन्ह्याची जबाबदारी ठरवणारा नाही, आणि नातेवाइकांनी सांगितल्याप्रमाणे असे लिहून घटना नोंदवायला कोणतीही आडकाठी नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून, वैद्यकीय संस्थांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाकडे देणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक झाले. ही तरतूद चांगली आहे. परंतु २०२० च्या अहवालात देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय प्रमाणित कारण असलेले मृत्यू फक्त २२.५ टक्के होते, हे लक्षात घेतले तर रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूंचा प्रश्न वेगळाच राहतो हे कळते.

पोलिसांच्या नोंदी मी कमी लेखत नाही. अनैसर्गिक मृत्यूची खबर आली की अकस्मात मृत्यूची नोंद, इन्क्वेस्ट (मृतदेह व परिस्थिती पाहून केलेला) पंचनामा आणि शवविच्छेदन होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. घटना कशी घडली याचे सर्वात तपशीलवार वर्णन आपल्या देशात त्या पंचनाम्यातच असते, आणि ते आरोग्य खात्यात कोणी वाचत नाही याची मला खंत वाटते. मात्र पोलिसांचा प्रश्न वेगळा असतो. दोष कोणाचा, गुन्हा घडला का, हे त्यांना ठरवायचे असते. गुन्हा नाही असे दिसले की वर्णन आखूड होते. रस्ते अपघातांसाठी आता ई-डार ही संगणकीय पद्धत आहे आणि तिचा उपयोग होतो, पण ज्याची खबरच ठाण्यात आली नाही असा मृत्यू तिच्यातही येत नाही.

हेतूच्या बाबतीत तर पोलीस नोंदींवर एकट्याने विसंबणे धोक्याचे आहे. २००१ सालासाठी झालेल्या एका अभ्यासात, जो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, भारतात जळून झालेले मृत्यू १ लाख ६३ हजारांहून अधिक असल्याचा अंदाज निघाला. त्यांपैकी सुमारे १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या, आणि हा एकूण आकडा पोलीस नोंदींच्या सहापट होता. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला तर दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशीची तरतूद कायद्यात आहे, तरीही स्टोव्हचा भडका हे वर्णन किती सहज लिहिले जाते हे ज्यांनी जळीत विभागात काम केले आहे त्यांना सांगायला नको. आत्महत्येचे तसेच. २०१० मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने सुमारे १ लाख ३४ हजार आत्महत्या दाखवल्या, तर घरोघरी चौकशीवर आधारलेल्या अभ्यासाने १५ वर्षांवरील वयात सुमारे १ लाख ८७ हजार असा अंदाज दिला. कुटुंबाची लाज, पूर्वी असलेली गुन्ह्याची भीती आणि आर्थिक मदतीचे नियम, या तिन्हींचा नोंदीवर परिणाम होतो. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून २ लाख रुपयांचे साहाय्य मिळते आणि आत्महत्या त्यात बसत नाही. ज्या घरातला कर्ता गेला आहे त्या घराने औषध चुकून पोटात गेले असे सांगितले, तर त्याबद्दल मी त्या घराला दोष देणार नाही. म्हणूनच सांख्यिकीसाठी केलेली चौकशी मदतीच्या प्रकरणापासून आणि पोलीस तपासापासून पूर्णपणे वेगळी ठेवावी लागते, आणि तसे कुटुंबाला आधी सांगावे लागते.

कीटकनाशकाचे नाव लिहिले गेले तर काय होऊ शकते हे श्रीलंकेत दिसले. तिथे १९९५ पर्यंत सर्वाधिक विषारी वर्गातील कीटकनाशके आणि १९९८ मध्ये एंडोसल्फान बंद झाले. १९९५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे ४७ असलेला आत्महत्येचा दर २००५ पर्यंत २४ वर आला. कोणत्या औषधाने माणसे मरतात हे तिथे नोंदले जात होते, म्हणून बंदी कशावर घालायची ते कळले. आपल्याकडे कागदावर अज्ञात विष लिहिले जाते, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवला जातो, आणि रासायनिक विश्लेषणाचा अहवाल महिन्यांनी आला तरी तो मृत्युनोंदीला जोडला जात नाही. नातेवाइकांनी आणलेल्या बाटलीवरचे नाव त्याच दिवशी लिहून घेणे एवढी साधी गोष्टसुद्धा मोठी ठरेल.

आता रुग्णालयापर्यंत न पोहोचणाऱ्या मृत्यूंकडे येतो. शेतात दंश झाला, आधी मांत्रिकाकडे नेले, वाटेत प्राण गेला, आणि गावी अंत्यसंस्कार झाले. शेततळ्यात किंवा विहिरीत मूल बुडाले आणि घरच्यांनी पंचनामा नको म्हटले. आजी न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले, अंथरुणाला खिळली, आणि दीड महिन्याने न्यूमोनियाने गेली. नोंदवहीत वृद्धापकाळ आले. नियमाने हा मृत्यू पडण्यामुळे झालेला आहे, पण मला आजवर असा लिहिलेला क्वचितच दिसला. सर्पदंशाबाबत नमुना नोंदणी पद्धतीवर, म्हणजे देशभरातील निवडक वस्त्यांतले जन्म-मृत्यू सतत नोंदवण्याच्या राष्ट्रीय व्यवस्थेवर, आधारलेल्या मोठ्या अभ्यासाने २००५ सालासाठी देशात सुमारे ४६ हजार मृत्यूंचा अंदाज दिला, आणि २००० ते २०१९ या काळासाठी नंतर आलेला अंदाज वर्षाला सरासरी ५८ हजारांचा होता. सरकारी रुग्णालयांतून कळवले जाणारे आकडे याच्या फार खाली होते. सर्पदंशाचे रुग्ण व मृत्यू सरकारला कळवणे बंधनकारक करावे असे केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना सांगितले, त्यामागे हाच फरक होता. बांगलादेशात २००३ च्या राष्ट्रीय पाहणीने घरोघर विचारले तेव्हा दिसले की १ ते १७ वयाची सुमारे १७ हजार मुले वर्षाला बुडून मरत होती. त्यानंतरच तिथे लहान मुलांसाठी गावातील पाळणाघरे हा उपाय पुढे आला.

घरोघर विचारण्याच्या या पद्धतीला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. प्रशिक्षित कार्यकर्ती कुटुंबाला ठरलेली प्रश्नावली विचारते आणि शेवटी घडलेली हकिगत त्यांच्याच शब्दांत लिहून घेते. मग दोन डॉक्टर एकमेकांचे न पाहता कारण ठरवतात, आणि मतभेद असेल तर पुन्हा पाहतात. आजारांच्या बाबतीत ही पद्धत अंदाजी ठरू शकते, पण इजांच्या बाबतीत ती बरीच विश्वासार्ह असते, कारण माणूस विहिरीत पडला की ट्रॅक्टरखाली आला हे घरच्यांना नेमके ठाऊक असते. सोलापूरसाठी माझा आग्रह असा की, हकिगत मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही घेता आली पाहिजे. अक्कलकोटच्या सीमेवरच्या गावात किंवा शहराच्या पूर्व भागातील विणकरांच्या वस्तीत मराठी प्रश्नावली घेऊन गेलात तर उत्तरे मिळतील, पण हकिगत मिळणार नाही. तेरावा किंवा चाळिसावा होण्याआधी जाऊ नये, आणि वर्षाहून अधिक थांबूही नये. गावची आशा घर दाखवायला सोबत असावी, प्रश्न मात्र तिने विचारू नयेत. शेजारच्या बाईसमोर सून कशी भाजली हे कोणी सांगत नाही.

याद्या जुळवण्याचे काम याहून स्वस्त आहे. समजा एका तालुक्यात पोलिसांच्या यादीत १२० अपघाती मृत्यू आहेत, रुग्णालयांच्या यादीत १५०, आणि दोन्ही याद्यांत समान असलेले ९०. तर एकूण मृत्यूंचा अंदाज १२० गुणिले १५० भागिले ९०, म्हणजे २०० येतो. दोन्ही याद्या एकत्र केल्यावर १८० नावे दिसतात, म्हणजे सुमारे २० दोन्हींतून निसटली. हे गणित दोन्ही याद्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरते. प्रत्यक्षात रुग्णालयच पोलिसांना कळवते, त्यामुळे खरा आकडा या अंदाजाहून मोठा असण्याचीच शक्यता अधिक, आणि हे अहवालात लिहायला विसरू नये. कराचीत १९९० च्या दशकात याच पद्धतीने पाहिले तेव्हा सरकारी नोंदींत रस्ते अपघातांतील फक्त ५६ टक्के मृत्यू आणि गंभीर जखमींपैकी जेमतेम ४ टक्के आढळले. नावे जुळवताना आपल्याकडे आडनाव आधी की नाव आधी, गावचा पत्ता की शहरातला, वय ३५ की ४०, असे घोळ होतात. म्हणून घटनेची तारीख, लिंग, वयात पाच वर्षांपर्यंतची सूट आणि गाव, या चारांवर जुळवावे आणि शंका असलेली नावे हाताने पाहावीत.

शवागार हे आणखी एक उपेक्षित ठिकाण आहे. दक्षिण आफ्रिकेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस शवागारांतूनच इजांच्या मृत्यूंची निगराणी उभी केली, कारण अनैसर्गिक मृत्यू तिथून जातोच. आपल्याकडेही शवविच्छेदनाच्या टेबलाशी पंचनामा, केसपेपर आणि नातेवाईक हे तिन्ही एकाच वेळी उपलब्ध असतात. त्या क्षणी एक पानी फॉर्म भरला, आणि त्यात घटनेचे ठिकाण, वेळ, मृत व्यक्ती काय करत होती, समोरचे वाहन किंवा वस्तू कोणती, हेतू आणि मद्य एवढेच विचारले, तर नंतर शोधाशोध करावी लागत नाही.

हे एका जिल्ह्याला पेलेल का? सोलापूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या सुमारे ४३ लाख. त्यानंतरची जनगणना अजून हाती नसल्याने दर काढताना हा भाजक जुना आहे हे मान्य करूनच पुढे जावे लागते. दर हजारी ६ असा मृत्युदर धरला तर वर्षाला सुमारे २६ हजार मृत्यू होतात आणि त्यांतले ८ ते १० टक्के इजांचे मानले तर ते २,००० ते २,६०० भरतात. अकरा तालुक्यांत वाटले तर प्रत्येक तालुक्याला आठवड्याला चार-पाच येतात, शहरामुळे उत्तर सोलापूरला अधिक. आठवड्याला चार-पाच हकिगती नीट लिहून घेणे हे कोणत्याही तालुका आरोग्य कार्यालयाच्या आवाक्यातले काम आहे. राष्ट्रीय नमुना नोंदणीतून जिल्ह्याचे आकडे निघत नाहीत, तिचा नमुना त्यासाठी घेतलेलाच नसतो, त्यामुळे जिल्ह्याने आपले स्वतः मोजण्याला पर्याय नाही.

एक खबरदारी जिल्ह्यांच्या सीमांची. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात करमाळ्यातील कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट उलटून सहा जण गेले. एक काठ सोलापूरचा, दुसरा पुण्याचा. अशा मृत्यूंची मोजणी घटनेच्या ठिकाणी व्हावी की राहत्या गावी, हे आधी ठरवून दोन्ही रकाने ठेवावेत. प्रतिबंधाचे काम घटनेच्या ठिकाणी करायचे असते, आणि दर राहत्या लोकसंख्येवर काढायचा असतो.

सांगोल्यात सुरुवात करायची असेल तर नवे सॉफ्टवेअर मागू नका. गेल्या तीन महिन्यांची तालुक्यातील ठाण्यांची अकस्मात मृत्यू नोंदवही, ग्रामीण रुग्णालयाची एम.एल.सी. नोंदवही आणि ग्रामसेवकांची मृत्युनोंद एकत्र घ्या, आणि तालुक्याबाहेर दगावलेल्यांची नावे सोलापूर, पंढरपूर आणि मिरजेकडून मागवा. पोलीस ठाण्यातील हवालदार आणि एक-दोन अनुभवी ग्रामसेवक यांना सोबत घेऊन एका टेबलाशी बसा आणि नावे जुळवा. जुळलेल्या नावांसमोर इजा कशी झाली हे एका पूर्ण वाक्यात लिहा, आणि न जुळलेल्या प्रत्येक नावासमोर ते कोणत्या नोंदवहीतून व कशामुळे सुटले हे लिहा; पुढच्या तिमाहीत प्रशिक्षण निवासी डॉक्टरांना द्यायचे, चौकीतील अंमलदाराला की ग्रामसेवकांना, हे त्या शेऱ्यांवरून ठरवता येईल. नावे असलेला कागद कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नका.